घटस्थापनेच्या आत घरी

म्युनिक,
रविवार, २१ जून २०२६

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, पुढे वाचण्याआधी उठा, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणातून तुमचा पासपोर्ट काढा आणि त्याची शेवटची तारीख बघा. तुम्ही मागे पाठवलेली झेरॉक्स माझ्यापाशी आहे, तिच्यावर १२ डिसेंबर २०२६ आहे. म्हणजे तो अजून चालू आहे, पण मला ज्या कामासाठी हवाय त्याला पुरणार नाही. युरोपातून परत निघण्याच्या दिवसानंतर निदान तीन महिने पासपोर्टची मुदत शिल्लक लागते. आपण ८ ऑक्टोबरला परत निघणार, म्हणजे ८ जानेवारीपर्यंत तरी तो चालायला हवा. महिनाभर कमी पडतोय. तेव्हा मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रातली वेळ याच आठवड्यात घ्या. दादा फॉर्म भरून देईल, त्याला मी कालच सांगितलंय.

आता आई विचारेल, निघणार कोण आणि कुठे. तुम्ही दोघं निघणार पुण्याहून, मी निघणार इथून, आणि अथेन्सच्या विमानतळावर आपण भेटणार. ग्रीसला जायचंय. नऊ रात्री.

फोनवर मी हा विषय तीनदा काढला. तिन्ही वेळा आई, तू "बघू गं" म्हणालीस आणि आजीच्या औषधांवर आलीस, आणि बाबांनी "हं, आईशी बोल" म्हणून फोन तुझ्याकडे दिला. म्हणून हे हातानं लिहितेय. कागद पोस्टानं सावकाश येईल, तोवर दादाच्या फोनवर फोटो पाठवतेय. लिहिलेलं बाबा दोनदा वाचतात, हे मला ठाऊक आहे.

ग्रीसच का, ते आधी सांगते. माझ्या घरापासून भुयारी रेल्वेनं वीस मिनिटांवर क्योनिग्सप्लात्स नावाचा मोठा चौक आहे. तिथे ग्लिप्टोटेक म्हणून जुन्या मूर्तींचं संग्रहालय आहे, १८३० साली उघडलेलं. रविवारी तिकीट एक युरो. २०१७ मध्ये मी इथे आले, तो पहिला हिवाळा तुम्हाला आठवत असेल. चार वाजता अंधार, बोलायला कुणी नाही, आणि रविवारी सगळी दुकानं बंद. मी दर रविवारी त्या संग्रहालयात जाऊन बसायची. तिथल्या एका दालनात एजिना नावाच्या ग्रीक बेटावरचे योद्धे आहेत. अफाया देवीच्या देवळाचे ते. देवळाच्या छपराखाली पुढे-मागे जो त्रिकोण असतो, त्यात ते उभे, वाकलेले, पडलेले असे बसवलेले होते. वय साधारण अडीच हजार वर्षं. पश्चिमेच्या त्रिकोणातला एक जण छातीत घुसलेला बाण उपटतोय, आणि तरी त्याच्या ओठांवर हसू आहे, कारण तेव्हाचे शिल्पकार प्रत्येक चेहऱ्याला तेच हसू देत. पूर्वेचा त्रिकोण काही वर्षांनंतरचा. त्यातला कोपऱ्यातला योद्धा ढालीवर भार टाकून उठायचा प्रयत्न करतोय, आणि त्याच्या तोंडावर हसू नाही. मधल्या थोड्याशा वर्षांत कुणीतरी मरणाऱ्या माणसाकडे नीट बघायला शिकलं होतं. मी त्याच्यासमोर किती वेळ बसलेय, मोजदाद नाही.

हे योद्धे १८११ मध्ये दोन तरुण वास्तुकारांना आणि त्यांच्या साथीदारांना सापडले. पुढच्याच वर्षी लिलाव झाला आणि बव्हेरियाच्या युवराजानं, लुडविगनं, ते विकत घेतले. आता मूर्ती इथे थंडीत आणि देऊळ तिकडे समुद्राकाठच्या टेकडीवर. नऊ वर्षं मी या लोकांच्या शेजारी राहतेय आणि त्यांचं घर बघितलेलं नाही. मला ते देऊळ बघायचंय, आणि ते तुम्हा दोघांबरोबरच बघायचंय. एकटीनं जायची संधी दोनदा आली, मुद्दाम गेले नाही.

बाबा, तुमच्यासाठी दुसरं कारण आहे, आणि ते तुम्हीच मला दिलंय. मी सहावीत होते. तुम्ही मला कार्ल्याला नेलंत, एकवीरेचं दर्शन झाल्यावर चैत्यगृहात. खांबाला हात न लावता, बोट हवेत ठेवून तुम्ही ब्राह्मीतली अक्षरं वाचून दाखवलीत. य, व, न. धेनुकाकटाच्या यवनानं हा खांब दान दिला, असं तिथे कोरलंय. मग मला विचारलंत, "हा इथे कुठून आला असेल, सांग." मी मुंबई म्हणाले. घरी येताना लोकलमध्ये तुम्ही सांगितलंत, की यवन हा शब्द आयोनियावरून आलाय, ग्रीकांची वस्ती असलेला तो समुद्रकिनारा. कार्ल्याचे यवन खरोखर ग्रीक रक्ताचे होते, की पश्चिमेकडून येणाऱ्या कुणालाही आपण यवन म्हणायचो, यावर विद्वानांचं एकमत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. पण कल्याण, सोपारा, चौल या आपल्या बंदरांची नावं आणि आत पैठण-तेरची नावं इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात आहेत, यात वाद नाही. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडावर ब्राँझचा पोसायडन सापडला. त्यांचा समुद्रदेव, आपल्या पंचगंगेच्या काठी! तो बघायला तुम्ही एकटे सकाळच्या एसटीनं गेला होतात. आईनं दिलेला डबा तसाच परत आला होता, कारण तुम्ही जेवायचं विसरलात.

इतकी वर्षं मंडळात व्याख्यानं ऐकलीत, वहीत टिपणं काढलीत. यवनांचा देश आता मुंबईहून एका दिवसाच्या प्रवासावर आहे. जायला हवं, बाबा.

तारखा

आई, आता तुझं पंचांग काढ. यंदा अधिक मासामुळे सगळं पुढे गेलंय. गणपती १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ ला. आजोबांची तिथी प्रतिपदा, ती येते २७ सप्टेंबरला, रविवारी. श्राद्ध घरीच, नेहमीच्या गुरुजींकडून व्हायचं, त्यात काही बदल नाही. सोमवारी २८ ला रात्री तुम्ही मुंबईहून निघायचं, आखातात एकदा विमान बदलायचं, मंगळवारी अथेन्स. ८ ऑक्टोबरला परत निघायचं, शुक्रवारी ९ ला तुम्ही पुण्यात. घटस्थापना रविवारी ११ ला आहे. घट बसायच्या आत तुला शनिवार पूर्ण मिळतो. परडी, माती, सप्तधान्य दादा आणून ठेवेल. मी हे कॅलेंडर तीन वेळा मांडलंय.

पक्षपंधरवड्यात फिरायला कसं जायचं, हा तुझा पुढचा प्रश्न. मी आजीलाच विचारलं. ती म्हणाली, "पक्षात नवी खरेदी करू नये. तिथी केली की पोरीला भेटायला जायला कुणाची बंदी आहे?" आजीचा शब्द तू खाली पडू देत नाहीस.

आजीपाशी आत्या राहील. साताऱ्याहून २५ लाच येईल, विसर्जनाला, आणि घट बसेपर्यंत थांबेल. तिला मी स्वतः फोन केला. तिनं मला ऐकवलं, की तिच्या आईला सांभाळायला तिला निमंत्रण कशाला लागतं. दादा-वहिनी आहेतच. गोळ्यांचा तक्ता फ्रिजवर लावून ठेव, तेवढं पुरे. गेली बारा वर्षं तुम्ही दोघं एकत्र पुण्याबाहेर चार रात्रींहून जास्त राहिला नाहीत. मी मोजली आहेत.

ऋतू

ग्रीसला मे महिन्यातही जाता येतं, पण मला हाच काळ हवाय. जुलै-ऑगस्टमध्ये अथेन्सचं ऊन विदर्भासारखं होतं, कधी चाळीसच्या वर जातं. गेल्या काही उन्हाळ्यांत उष्णतेची लाट आली की दुपारी अॅक्रोपोलिस, म्हणजे तिथली जुन्या देवळांची टेकडी, बंदच ठेवावी लागली. शिवाय त्या दोन महिन्यांत एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, बोटी डोलतात, कधी रद्द होतात. सप्टेंबर सरता सरता तो पडतो. समुद्र मात्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही पाणी कोमट असतं. दुपारी पंचवीस-सत्तावीस अंश, संध्याकाळी अंगावर शाल. एखादी सर येईल, तिला आपण पुणेकर घाबरत नाही. शाळा सुरू झालेल्या असतात, त्यामुळे युरोपातली पोराबाळांची गर्दी परतलेली असते.

कंपनीची सहल नको

यात मी ऐकणार नाही. २०२० च्या मे महिन्यातल्या त्या सहलीचे पैसे भरलेले, करोना आला, आणि त्या कंपनीकडून ते सोडवायला बाबांनी दीड वर्ष खेटे घातले. त्यानंतर तुम्ही दोघांनी परदेश हा शब्दच टाकलात. माझा राग पैशांवर नाही, त्या टाकलेल्या शब्दावर आहे. शिवाय बाबांचे गुडघे. सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, आठ दिवसांत अकरा गावं, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. बाबा एका शिलालेखापाशी वीस मिनिटं थांबतात. आपण तीन ठिकाणीच राहू आणि सकाळी चहा होईपर्यंत कुठेही जाणार नाही.

अथेन्स, तीन रात्री

कुकाकी नावाच्या वस्तीत मी घर बघितलंय. लिफ्ट आहे, स्वयंपाकघर आहे, अॅक्रोपोलिसचं संग्रहालय चालत दहा मिनिटं. पहिल्या दिवशी नुसतं झोपायचं.

दुसऱ्या दिवशी अॅक्रोपोलिससाठी सकाळी आठची वेळ घेऊ. हल्ली तिकीट ठरलेल्या तासाचंच मिळतं, माणशी तीस युरो. दिवसाला वीस हजारच माणसं सोडतात. आई, तो आकडा तू रुपयांत करू नकोस, ते माझ्याकडे. चढ फार नाही, पण अडीच हजार वर्षं माणसं चालून तिथला संगमरवर गुळगुळीत झालाय. दोघांनाही रबरी तळव्याचे बूट हवेत. पर्वतीला जाताना घालता ते बाबांचे बूट चालतील, आईला नवे घ्या आणि आतापासून घालून फिर, नाहीतर तिथे चावतील. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी २०२० पासून उत्तरेच्या कड्यावर लिफ्टही आहे. बाबा, लागलं तर ती मागायची. सिंहगड तुम्ही पन्नास वर्षं चढलात, आता कुणाला काही दाखवायचं राहिलेलं नाही.

टेकडीवरचं मुख्य देऊळ, पार्थेनॉन, इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये बांधायला घेतलं. आधी देऊळ, मग चर्च झालं, मग मशीद. दोन हजारांवर वर्षं ते बरंचसं शाबूत होतं. १६८७ मध्ये तुर्कांनी त्यात तोफांची दारू साठवली होती आणि व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा नेमका तिथे पडला. पुढे लॉर्ड एल्गिन या इंग्रज वकिलानं उरलेल्यातली निम्मी शिल्पं उतरवून लंडनला नेली. खालचं संग्रहालय २००९ मध्ये उघडलं. त्याचा वरचा मजला देवळाच्या दिशेलाच वळवलेला आहे, काचेतून वर देऊळ दिसतं. अथेन्समध्ये उरलेली शिल्पं मधाच्या रंगाची, आणि लंडनला असलेल्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रती. काय आहे आणि काय नेलं, हे एका नजरेत कळतं. म्युनिकचे योद्धे बघणाऱ्या मला तिथे उभं राहायचंय. तुमच्याशी या विषयावर बोलायचंय, बाबा. कुणी विकत घेतलं म्हणून ते त्याचं होतं का?

आणि आई, तुझ्यासाठी एक माणूस. दिमित्रिओस गालानोस, अथेन्सचा. तो बंगालमध्ये आला, मग काशीला गेला आणि चाळीसेक वर्षं तिथेच राहिला. पंडितांकडे संस्कृत शिकला, भगवद्गीतेचं ग्रीक भाषांतर केलं, आणि १८३३ मध्ये काशीतच वारला. त्याची हस्तलिखितं मागाहून अथेन्सला पोचली. तू रोज सकाळी वाचतेस तो पंधरावा अध्याय त्यानं गंगेकाठी बसून त्याच्या भाषेत लिहिला असेल, या विचारानं मला त्या गावाचं परकेपण वाटेनासं झालं.

नाफ्प्लिओ, तीन रात्री

बाबा, हे तुमचं गाव. अथेन्सहून बसनं दोन-अडीच तास, केटेलच्या गाड्या म्हणजे त्यांची एसटी. वाटेत कोरिंथचा कालवा लागतो, सव्वासहा किलोमीटरचा, उभा खडक कापून १८९३ मध्ये पुरा केलेला.

गावासमोर समुद्रात बूर्द्झी नावाचा लहानसा जलदुर्ग आहे. पहिला फोटो बघितला तेव्हा मला वाटलं कुणी कोकणातला पाठवलाय. मुरूडच्या किनाऱ्यावरून जंजिरा दिसतो तसा तो दिसतो, फक्त लहान, आणि पाणी निळं. गावाच्या डोक्यावर पालामिदी गड, समुद्रापासून दोनशे मीटरच्या वर. व्हेनिसच्या लोकांनी तो १७११ ते १७१४ मध्ये बांधला. म्हणजे बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं मिळाली त्याच सुमारास तिथे बुरूज चढत होते. आणि इतकं बांधून पुढच्याच वर्षी, १७१५ ला, तुर्कांनी तो जिंकला. १८२२ च्या नोव्हेंबरअखेर एका रात्री ग्रीकांनी तो घेतला. गावातून वर जायला ९९९ पायऱ्या आहेत असं तिथले लोक सांगतात. आपण टॅक्सीनं मागच्या दरवाजापर्यंत जायचं आणि उतरताना तुम्ही ठरवा. आत एक कोठडी दाखवतात. थिओडोरोस कोलोकोत्रोनिस, त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती, ज्याच्यामुळे देश सुटला, त्यालाच नव्या राजवटीनं या गडावर कैदेत ठेवलं. नवा राजा कोण, तर ओटो, म्युनिकच्या त्याच लुडविगचा मुलगा. १८३३ मध्ये तो नाफ्प्लिओलाच बोटीतून उतरला, तेव्हा ती राजधानी होती. मी राहते त्या गावाचा धागा हा असा तिथवर जातो.

तिथून तीस किलोमीटरवर एपिदावरोस. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं उघडं नाट्यगृह, पंचावन्न ओळी, चौदा हजारांच्या आसपास माणसं बसतील एवढं. मधोमध उभं राहून हळू बोललेलं शेवटच्या ओळीत ऐकू जातं, असं सांगतात. तिथे गाऊ देत नाहीत, पहारेकरी लगेच येतात. पण आई, तू मधोमध उभी राहून एक ओवी अगदी हळू, देवघरात म्हणतेस तशी म्हण. मी आणि बाबा वर बसतो. मला ते ऐकायचंय. या सगळ्या बेतातली हीच गोष्ट मी मनात सगळ्यात जास्त वेळा बघितलीय.

हे नाट्यगृह मुळात एका देवस्थानाचा भाग. आस्क्लेपियोस हा त्यांचा वैद्यांचा देव. आजारी लोक लांबून येत, व्रत-स्नान करून देवळाशेजारच्या ओवरीत झोपत, आणि देव स्वप्नात येऊन उपाय सांगेल म्हणून वाट बघत. बरे झाले की नवसाच्या पाट्या वाहत. बाबांच्या गुडघ्यांसाठी मी तिथे हात जोडणार आहे.

आजीसाठी नाफ्प्लिओतून कोम्बोलोई घ्यायची, तिथे तिचं छोटं संग्रहालयच आहे. जपमाळेसारखी मण्यांची माळ, तिथले पुरुष बोटांतून फिरवत बसतात.

एजिना, दोन रात्री

अथेन्सच्या पिरेउस बंदरातून मोठ्या बोटीनं सव्वा तास. बेट पिस्त्यांचं आहे, आपण जाऊ तेव्हा नुकताच उतरलेला ताजा माल असेल. बंदरावरून बसनं टेकडीवर अफायाचं देऊळ. मूळ बत्तीस खांबांपैकी बरेचसे अजून उभे आहेत, भोवती पाइनची झाडं, दोन्ही बाजूंना समुद्र. योद्धे जिथे होते तो त्रिकोण रिकामा आहे. माझ्या फोनमध्ये त्यांचे फोटो असतील. त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही, तिथे गेल्यावर बघू.

शेवटची रात्र पुन्हा अथेन्सला, विमानाच्या सोयीसाठी.

सांतोरिनी नाही, आई. मला माहीत आहे, कॅलेंडरवरचे ते निळे घुमट तू स्वयंपाकघरात लावून ठेवलेस. पण तिथे घरं कड्यावर आणि सगळीकडे पायऱ्या, आणि मोठमोठ्या जहाजांतून एका दिवसात हजारो माणसं गल्ल्यांत उतरतात. पांढऱ्या भिंती आणि निळा समुद्र तुला एजिनालाही मिळेल, तोही बसून बघता येईल असा.

जेवण

हे तुझ्या मनात पहिल्या ओळीपासून आहे, आणि त्यात चातुर्मास, म्हणजे तुझं कांदा-लसूण आणि वांगं बंद. ऐक. ग्रीक लोकांचे उपास आपल्यासारखेच पुष्कळ. धार्मिक माणसं बुधवार-शुक्रवार पाळतात आणि मोठ्या सणांआधी आठवडेच्या आठवडे मांस, अंडी, दूध काही खात नाहीत. त्या जेवणाला नीस्तीसिमो म्हणतात. हा शब्द पाठ कर, बहुतेक खाणावळींत त्यातलं काहीतरी मिळतं. होर्ता म्हणजे उकडलेली पालेभाजी, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू, बाकी काही नाही. आणि त्यातली व्लीता कोणती माहितीये? माठ! आपल्या मंडईतला माठ. पहिल्यांदा इथल्या ग्रीक शेजारणीकडे खाल्ली तेव्हा मी तिला दोनदा विचारलं, कुठून आणलीस. तिनंच मला त्यांचा रव्याचा हलवा शिकवला. प्रमाण तोंडपाठ असतं त्यांचं, तेल एक वाटी, रवा दोन, साखर तीन, पाणी चार. तुपाऐवजी तेल सोडलं तर तुझा शिरा. रिझोगालो म्हणजे तांदळाची खीर, वर दालचिनीची पूड. घट्ट दही आणि मध. अंजिरं, द्राक्षं, डाळिंबं यांचा तर तो मोसमच. बाकी घरात शेगडी आहे. मुगाची डाळ, गोडा मसाला, मेतकूट तू आणशीलच, रात्री खिचडी टाकू.

बाकरवडी आण, भरपूर आण. पेढे, बर्फी, तुपाचा डबा काही आणू नकोस. युरोपाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि तुला चार दिवस हळहळ लागेल. बाबांच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी हवी, गोळ्या मूळ पाकिटातच.

आणखी एक. ग्रीकमध्ये "ने" म्हणजे हो. नाहीला म्हणतात "ओही". वाढणाऱ्यानं आणखी हवं का विचारल्यावर तू सवयीनं "नै नै" म्हणालीस, की ताट पुन्हा भरेल.

कागद आणि पैसे

आपल्या सगळ्या रात्री ग्रीसमध्येच आहेत, म्हणून व्हिसाचा अर्ज ग्रीसकडेच करायचा. फी माणशी नव्वद युरो. निघण्याआधी सहा महिन्यांपासून अर्ज घेतात आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण इतकं ताणायचं नाही. जुलैत बाबांचा नवा पासपोर्ट आला, की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अर्ज. बोटांचे ठसे द्यायला दोघांना जावं लागेल. तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो, तो मी इथून बघते. बँकेचा उतारा, पेन्शनचे कागद, आयकराची विवरणपत्रं दादा गोळा करतोय. माझं पत्र आणि इथल्या रहिवासी परवान्याची प्रत मी पाठवते.

पैशांबद्दल बाबा, तुमच्याशी सरळ बोलते. तुम्ही मुलीकडून घेणार नाही, हे मला माहीत आहे. माझ्या पहिल्या विमानाच्या तिकिटासाठी तुम्ही मुदत ठेव मोडली होतीत, आणि तेव्हा मला सांगितलं नव्हतंत. मला ते आईकडून चार वर्षांनी कळलं. तेव्हा असं करू. तुमची दोघांची विमानाची तिकिटं तुम्ही काढा. तिथलं राहणं, खाणं, फिरणं माझं. याहून खाली मी येणार नाही.

जुलैत पालख्या पुण्यात येतील, तेव्हा घर पाहुण्यांनी भरेल आणि पासपोर्ट मागे पडेल. म्हणून त्याआधीच मुंढव्याला जाऊन या. जाताना जुना पासपोर्ट, आधार आणि त्यांच्या झेरॉक्स घ्या. वेळ मिळाली की दादाला सांगा, तो मला कळवेल. तुमच्या साडेसातच्या बातम्या झाल्या की मी रविवारी फोन करते. या वेळी फोन आईकडे देऊ नका.

आजीला सांगा, तिच्या माळेचे मणी कोणत्या रंगाचे हवेत ते ठरवून ठेव.

तुमची,
सई